दोन ठोक्यांमधलं बोलणं: माइक शोधण्याच्या नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

काल तांबट आळीत घेतलेलं चित्रीकरण आज मोठ्या पडद्यावर लावून पाहिलं. चित्र झकास, आवाज मातीमोल.

काम काय आहे ते एकदाच लिहून ठेवते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याची भांडी घडतात. आमच्या आजोळचा बंब इथलाच. तिथले सत्तरीतले एक कारागीर आहेत, सगळी आळी त्यांना आबा म्हणते. त्यांच्यावर वीस-पंचवीस मिनिटांचा माहितीपट करायचा. कॅमेरा दादाकडे (दादा म्हणजे माझा मावसभाऊ), आवाज आणि संकलन माझ्याकडे. ‘आवाज माझ्याकडे’ हे बोलायला सोपं होतं.

आबा काम करता करता बोलतात. बोलायचं असलं की हातोडा थांबत नाही, जरा रेंगाळतो. दोन ठोक्यांमध्ये चार शब्द, मग ठोका, मग उरलेलं वाक्य. आयुष्यभराची सवय. काल आम्ही कॅमेऱ्याच्या अंगच्याच माइकवर विसंबलो. ठोका पडला की सगळा आवाज दबतो, हळूहळू वर येतो, आणि पुरता वर यायच्या आत पुढचा ठोका. शब्द नेमके त्या खड्ड्यात. एका ठिकाणी आबा दादाकडे बघून काहीतरी कळकळीने सांगतायत, दादा मान डोलावतोय, आणि ऐकू येतं ते एवढंच: ‘पत्रा… की… ऐकूनच…’. काय सांगितलं ते दादालाही आठवत नाही.

दादाचं मत: ‘चांगला माइक घे, विषय संपला.’ बजेट १५ हजार.

मंगळवार, ७ जानेवारी

खरेदीच्या आधी एक गोष्ट सापडली. आवाज दबतो-उठतो तो माइकचा दोष नाही. कॅमेऱ्यात आवाजाची पातळी ‘ऑटो’वर होती. मोठा आवाज आला की कॅमेरा स्वतःच लेव्हल खाली ओढतो आणि सावकाश परत वाढवतो. गप्पांच्या चित्रीकरणाला हे सोयीचं, तांबटाच्या दुकानात घातक. लाखाचा माइक जोडला असता तरी ऑटोवर हेच झालं असतं.

फोनचंही तसंच. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात ऑटो बंद करायची सोय सहसा नसते. ब्लॅकमॅजिक कॅमेरा या मोफत अ‍ॅपमध्ये लेव्हल हाताने धरता येते. राखीव म्हणून ते उतरवून ठेवलं.

शनिवार, ११ जानेवारी

गन माइक भाड्याने आणला, लांब नळीचा, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा. भाड्याच्या दुकानातला म्हणाला, ‘मॅडम, सगळे हाच नेतात.’ बरोबर आहे, सगळे हाच नेतात. लग्नाच्या शूटिंगला.

ऑटो बंद केलं. ठोका उणे ३ डेसिबलच्या वर जाऊ नये असं बांधलं (रेकॉर्डिंगमध्ये शून्य हे टोक, त्याच्यावर आवाज फाटतो). आता आवाज दबत नाही, पण आबांचे शब्द कुठेतरी उणे ३५ ला, आणि त्यांच्यावर पत्र्याच्या छपराची घूं. शब्द वर ओढले की कॅमेऱ्याची सळसळही वर येते.

घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा आमचाच मूर्खपणा दिसला. हा माइक समोरून येणारा आवाज घेतो, बाजूचा टाळतो. पण आबा मांडी घालून बसतात, भांडं त्यांच्या पुढ्यात, तोंड त्याच्या वर हातभर अंतरावर. समोरून दोन मीटरवरून बघितलं तर तोंड आणि ठोका एकाच रेषेत. आबांकडे माइक रोखणं म्हणजे हातोड्याकडेच रोखणं. टाळणार कोणाला?

शिवाय ती लांब नळी. तिची करामत तिच्या लांबीशी बांधलेली असते: नळीपेक्षा आखूड लहरींवरच ती चालते. १००० हर्ट्झच्या आवाजाची लहर ३४ सेंटिमीटर, १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर. आमच्या माइकची नळी वीतभर. म्हणजे फक्त वरच्या पट्टीत ती बाजूचा आवाज कापते, खालच्या पट्टीत साध्या माइकसारखीच वागते. त्यात दगडी भिंती आणि पत्रा: आवाज सगळीकडून आपटून येतो, समोरूनही. सिनेमावाल्यांचा सेनहायझर एमकेएच ४१६ आणला असता तरी भूमिती हीच राहिली असती. बरं झालं परवडत नाही.

रविवार, १२ जानेवारी

गन माइक परत.

बुधवार, १५ जानेवारी

काल तिळगूळ घेऊन गेले होते, कॅमेरा घरी ठेवून. नुसतं बसून ऐकलं. दुकानाच्या आत कोणता आवाज कुठून येतो याचं चित्र वहीत काढलं. डाव्या भिंतीला शेजारचं दुकान, तिथेही ठोकाठोकी. मागे भट्टीचा पंखा, पण तो पत्रा भाजायच्या, म्हणजे तापवून मऊ करायच्या, वेळीच चालतो. समोर रस्ता: दुचाकी, हॉर्न, मध्येच कुकरची शिट्टी. आबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्यांदा बोलतात. हे माझ्या पथ्यावर.

फोनमधल्या अ‍ॅपवर हवेतला आवाज मोजला, ९० डेसिबलच्या पुढे गेला. आकडा मात्र खरा मानायचा नाही. ठोक्याचं टोक काही मिलिसेकंदांत येऊन जातं, अ‍ॅप सरासरी दाखवतं, आणि फोनचा माइक त्याआधीच शरण गेलेला असतो. साधं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असतं, एवढं धरलं तरी दरी केवढी आहे ते कळतं.

आबांनी विचारलं, ‘यंत्र नाही आणलं आज?’ म्हटलं, ‘आज कान आणलेत.’ ते म्हणाले, ‘सांभाळ. माझा एक इथंच ठेवलाय.’

शनिवार, १८ जानेवारी

दिशेने काम होत नाही, तर अंतराने करू. अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. दोन मीटरवरून २० सेंटिमीटरवर आलं की २०. जगातल्या कोणत्याही माइकच्या किमतीत एवढा फरक विकत मिळत नाही.

म्हणून कॉलर माइक घेतला: हजाराच्या आतला, सहा मीटर वायरचा, बटणाएवढ्या बॅटरीवर चालणारा. पहिला अर्धा तास पिनने खाल्ला. पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर ती फोनची, दोन असतील तर कॅमेऱ्याची. आमच्या माइकला तीन रेघा, आणि फोन-कॅमेरा असं एक बटण. मी पिन कॅमेऱ्यात घातली आणि बटण फोनवरच ठेवलं. आवाज पातळ, मागे गुणगुण. वायरी हलवून, कॅमेरा बंद-चालू करून, दादावर चिडून झाल्यावर बटण दिसलं.

आबांच्या बंडीला, छातीवर, माइक लावला. पहिल्याच मिनिटाला शब्द स्पष्ट! दादा आणि मी एकमेकांकडे बघून हसलो.

रविवार, १९ जानेवारी

हसणं आवरतं घ्यावं लागलं. शब्द चांगले, पण प्रत्येक जोरदार ठोका फाटलाय. लेव्हल तर मी कमीच ठेवली होती.

संकलनात लहरीचं चित्र मोठं करून पाहिलं तर टोकं सपाट कापलेली, पण कापली गेलीत उणे ९ वर. हे विचित्र वाटलं. रेकॉर्डिंग फाटतं ते शून्यावर. उणे ९ वर का कापावं? दोन तास डोकं खाजवलं. मग उलगडलं: आवाज कॅमेऱ्यात फाटलाच नाही, त्याच्या आधी, माइकच्या आतच फाटला. कॉलर माइकच्या बोंडात एक चिमुकला अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्यालाही सोसण्याची मर्यादा असते. या जातीच्या माइकची ती साधारण ११० ते १२० डेसिबल. ती ओलांडली की तो आतूनच कापलेला आवाज पाठवतो. पुढे लेव्हल कमी केली तर तोच कापलेला आवाज फक्त बारीक होतो.

छातीवरच्या माइकपासून हातोडा हातभरसुद्धा लांब नाही. लावला तोंडाजवळ, गेला हातोड्याच्या कुशीत.

रविवार, २६ जानेवारी

आज जायलाच नको होतं. सकाळपासून आळीच्या दोन्ही तोंडांना स्पीकर, देशभक्तीपर गाणी, दोन्हीकडे वेगळी. वर काल रात्री माइकचं बटण चालू राहिलं, बॅटरी मेली. ही बॅटरी आता कायम चारच्या पाकिटात ठेवते.

आबांच्या सूनबाईंनी पोहे केले होते. दिवस फुकट गेला असं म्हणवत नाही.

बुधवार, २९ जानेवारी

दादा ऑफिसातल्या कुणाकडून वायरलेस माइकची जोडी घेऊन आला. म्हणे यात ३२-बिट फ्लोट आहे, कितीही मोठा आवाज येऊ दे, फाटतच नाही. घरीच कुकरच्या झाकणावर लाटण्याने ठोकून पाहिलं. फाटला, अर्थात. त्या झाकणावरून आई अजून बोलत नाहीये.

दादाला समजावलं ते इथेही लिहिते, कारण दोन आठवड्यांनी मीच विसरेन. ३२-बिट फ्लोट हे डबा केवढा मोठा आहे ते सांगतं. रेकॉर्डिंगमधली पातळी मागाहून खाली-वर करता येते, हे खरंच मोठं सुख. पण डब्यात पडण्याआधीच, माइकच्या तोंडाशी जे फाटलं, ते मोठ्या डब्यात पडूनही फाटलेलंच. खोक्यावरचं वाचायचं असेल तर बिटांच्या आधी ‘कमाल ध्वनिदाब’ वाचावा.

शनिवार, १ फेब्रुवारी

नाटकांना ध्वनीचं काम करणाऱ्या एका मित्राला चहा पाजला. त्याने आधी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, ‘आबा डोक्याला काय घालतात?’

‘टोपी. पांढरी.’

‘मग झालं की.’

गाण्याच्या नाटकांत नटांचे माइक केसांच्या रेघेत, कपाळाच्या वर लावतात. डोकं वळलं तरी तोंड आणि माइक बरोबरच वळतात, अंतर बदलत नाही. कापडावर घासत नाही. आणि आमच्या बाबतीत महत्त्वाचं म्हणजे हातोड्यापासून वर सरकतो.

हेडसेटचाही विचार झाला, योगवर्गातले शिक्षक घालतात तसला. तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर, शब्दांसाठी त्याच्याइतका चांगला दुसरा नाही. पण आबांच्या गालावर ती काळी काडी दिसली की बघणारा काडीच बघत बसणार. नको.

घरी आल्यावर टेप घेऊन बाबांना मांडी घालून बसवलं, टोपी घातली आणि मोजलं. छातीवरचा माइक: तोंडापासून २०, हातोड्यापासून ४० सेंटिमीटर. टोपीच्या कडेचा: तोंडापासून १३, हातोड्यापासून ६५. गणित केलं तर शब्द पावणेचार डेसिबलने वर, ठोका सव्वाचारने खाली. एकूण आठ. फक्त टोपीमुळे! एवढी सरळ गोष्ट सुचायला मला महिना लागला.

रविवार, २ फेब्रुवारी

टोपीच्या पुढच्या घडीत माइकचं बोंड, पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके, वायर मागच्या घडीतून मानेवरून बंडीच्या आत. आबा आधी बिचकले. ‘घाम येतो मला, शॉक बसायचा.’ बॅटरी हातात देऊन दाखवली, दीड व्होल्टची. मग टोपी तिरकी करून नातवाला विचारलं, ‘कसा दिसतो?’

निकाल: शब्द थोडे बसके, ‘स’, ‘श’ दबलेले. संकलनात वरची पट्टी किंचित उचलली की भागतं. सपाट टोकं फार कमी झाली, अगदी घणाघाती ठोक्यांनाच. पण सहा मीटरची वायर. आबा भट्टीकडे उठले आणि कॅमेरा तिपाईसकट निघाला. दादाने झेप घेतली म्हणून वाचला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ठरलं. वायरलेस नाही. वायर तोडायची तर रेकॉर्डरच आबांच्या खिशात ठेवायचा. झूमचा एफ२ जुना मिळाला, बजेटमध्ये बसला: काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, दोन बारीक सेलवर चालतो, कॉलर माइक सोबतच येतो, ३२-बिट फ्लोट. लेव्हलचं बटणच नाही. या महिन्यात ज्या बटणांनी मला छळलं ते पाहता हे सर्वांत आवडलं.

तोटा एकच: तो चालू असताना काय टिपतोय ते कॅमेऱ्यापाशी ऐकू येत नाही. चालू केला की बटण कुलूपबंद करायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

रविवार, ९ फेब्रुवारी

५० मिनिटं सलग घेतली. सपाट टोकं शोधली, सापडली नाहीत. शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत कळतात.

जुळवणीत दोन गमती. चित्र आणि वेगळा आवाज जुळवायला एरवी टाळी वाजवतात. इथे प्रत्येक ठोका टाळीच. म्हणून बेफिकीर राहिले आणि पहिल्यांदा शेजारच्या दुकानातला ठोका पकडून जुळवलं. आबांचा हातोडा वर, आवाज ठण्ण! पाच मिनिटं वाटलं यंत्रच बिघडलं.

दुसरी खरी अडचण. सुरुवात जुळवली तर शेवट दोन फ्रेमने सरकतो. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं वेगवेगळी. ५० मिनिटांत ८० मिलिसेकंदांचा फरक पडला. नुसत्या मुलाखतीत फारसं कोणाच्या लक्षात आलं नसतं. पण हातोडा तांब्याला लागताना दिसतो आणि आवाज त्याच क्षणी आला नाही की पोटात कसंतरी होतं. पहिला ठोका आणि शेवटचा ठोका धरून आवाज ०.००२७ टक्के ताणला, जुळला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आता दुसरंच खुपतंय. टोपीतल्या माइकवर शब्द छान, पण ठोका कोरडा, नुसता टक्-टक्. आळीत शिरताना जो ठणठणाट पोटात जाणवतो तो नाहीच. इतके दिवस मी ठोका म्हणजे शत्रू धरून चालले होते, त्याला दाबायच्या मागे होते. दबला. आता चित्रपट तांबटाचा वाटत नाही, गालिचा टाकलेल्या खोलीत कोणी तांबटाबद्दल बोलतंय असा वाटतो.

नाटकवाल्या मित्राला फोन. तो म्हणाला, ‘ठोक्याला त्याचा माइक दे.’ आणि स्वतःचा शुअर एसएम५८ दिला. गाणाऱ्यांच्या हातात दिसतो तो, जाळीच्या गोळ्याचा, १९६६ पासून बाजारात आहे. आत पडदा, तारेची गुंडाळी आणि चुंबक. अ‍ॅम्प्लिफायर नाही, बॅटरी नाही, त्यामुळे ठोक्याने आतून फाटायचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. आवाज मुळात बारीक देतो, म्हणून व्हिडिओसाठी लोक त्याला नाकं मुरडतात. तांबटाच्या पुढ्यात तोच गुण.

कॅमेऱ्याला जोडायला साधी वायर घेऊ नको असंही त्याने बजावलं. कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकातून कॉलर माइकसाठी दोन-तीन व्होल्ट येत असतात. वायरीची जोडणी चुकीची असेल तर ते थेट गुंडाळीत जातात. मध्ये कपॅसिटर असलेली वायर (तो हे व्होल्ट अडवतो, आवाज जाऊ देतो) त्याने स्वतः डाख मारून करून दिली. चहा पुन्हा माझ्याकडून.

रविवार, १६ फेब्रुवारी

एसएम५८ भांड्यापासून मीटरभर, जमिनीलगत, तोंड भांड्याकडे, पाठ रस्त्याकडे. या माइकला पाठीमागचं कमी ऐकू येतं, त्यामुळे हॉर्न बरेच कमी झाले. कॅमेऱ्यात थेट ठोका, टोपीत शब्द. कॅमेऱ्यातला ठोका चित्राला आपोआप चिकटलेला, त्यामुळे जुळवणीही सोपी.

संकलनात दोन्ही एकत्र ठेवले. एकच गंमत: ठोका टोपीत दोनेक मिलिसेकंदांत पोचतो, तर एसएम५८ पर्यंत यायला तीन. दोन्ही एकदम वाजले की ठोका पोकळ होतो. टोपीतलं रेकॉर्डिंग मिलिसेकंदाच्या आसपास उशिरा सुरू केलं आणि ठोका भरीव झाला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज घ्यायचं काही नव्हतं. लॅपटॉप आणि मोठे हेडफोन घेऊन गेले, आबांना ऐकवायला. आवाज त्यांच्या मापाने वाढवला, डाव्या कानाकडे जास्त.

आपलं बोलणं त्यांनी फारसं ऐकलंच नाही. ‘बोलतोय काय, बडबडतोय नुसता.’ मग बारा मिनिटांपाशी हात वर केला. ‘थांब. मागे घे.’ मी मागे घेतलं. घागरीच्या खांद्याचं मठारकाम, म्हणजे हातोड्याने ठोकून घडवणं, पंधरा-वीस ठोके.

‘ऐकलंस? इथून आवाज चढला. पत्रा कडक झाला. इथं भाजायला घ्यायला पाहिजे होता, मी चार ठोके जास्त मारले.’ मग दादाकडे वळून, ‘तुला त्या दिवशी सांगितलं नव्हतं का? पत्रा थकला की बोलतो. बघून नाही, ऐकूनच कळतं.’

दादाने माझ्याकडे पाहिलं. पाच जानेवारीला न कळलेलं वाक्य.

मला अजूनही तो चढ पहिल्या ऐकण्यात कळला नाही. चौथ्यांदा कळला: ठणऽ जरा लांबतो आणि वर जातो. मग गन माइकवरचं त्याच कामाचं ११ जानेवारीचं रेकॉर्डिंग लावून विचारलं, यात कळतंय का? आबांनी थोडा वेळ ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले. ‘यात नुसता गोंगाट आहे.’

पुढच्या रविवारी पत्रा भाजण्याच्या आधीचे आणि नंतरचे ठोके, त्याच भांड्यावर, त्याच जागी. आबा म्हणालेत बोलणार नाही, नुसतं ठोकीन. भट्टीचा पंखा तेवढा वेळ बंद ठेवायला नातवाला सांगितलंय.